केबीसी, ‘मराठी करोडपती’ आणि त्यावरून होणारे वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सीझनला तेच प्रश्न येतात, कधी मेसेजवर, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांकडून, आणि दरवेळी मी तीच उत्तरं नव्याने टाइप करत बसते. म्हणून यावेळी सगळे प्रश्न एका जागी लिहून काढलेत. सोपे आधी आहेत, वादाचे नंतर. एखाद्या उत्तराचा अर्धा भाग दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. केबीसी (‘कौन बनेगा करोडपती’) कधी सुरू झालं? आणि ते मूळचं आपलंच का?

३ जुलै २००० ला, स्टार प्लसवर. मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, तिथे तो १९९८ मध्ये सुरू झाला आणि मग जगभर त्याच्या आवृत्त्या निघाल्या. खुर्ची, अंधार, चार ऑप्शन, लाइफलाइन हा सगळा साचा तिकडचा. पण “लॉक किया जाए” हे आपलं, आणि समोर बसलेल्या माणसाला त्याच्या गावाबद्दल आपुलकीने विचारणं हेही आपलंच. २००७ चा सीझन शाहरुखने केला, २०१० मध्ये कार्यक्रम सोनीवर गेला आणि अमिताभ परत आले.

२. त्याआधी टीव्हीवर क्विझ नव्हतंच का?

होतं की! १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ आलं, सिद्धार्थ बसू घ्यायचे, कॉलेजच्या टीम असायच्या. नव्वदच्या दशकात डेरेक ओब्रायन यांचं बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट होतं, जे त्याआधी रेडिओवर होतं आणि हमीद सायानी, नंतर अमीन सायानी घ्यायचे. हेच सिद्धार्थ बसू पुढे केबीसीचे निर्माते झाले, त्यामुळे हे सगळं एकाच धाग्यातलं आहे. फरक एवढाच की आधीच्या कार्यक्रमांत हुशार मुलांचं कौतुक वाटायचं आणि आपण गप्प बसून बघायचो. केबीसीने चार ऑप्शन दिले आणि घरातल्या प्रत्येकाला बोलायला जागा मिळाली.

३. ‘कोण होईल मराठी करोडपती’ कुणी कुणी केलं? सगळ्यात चांगलं कोण?

२०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकरांनी सुरुवात केली. २०१६ मध्ये कलर्स मराठीवर स्वप्नील जोशी, २०१९ मध्ये सोनी मराठीवर (तिथे नाव झालं ‘कोण होणार करोडपती’) नागराज मंजुळे, आणि २०२१ मध्ये परत खेडेकर.

माझं मत विचाराल तर मंजुळेंचा सीझन. खेडेकरांचा आवाज, उच्चार, त्यांनी प्रश्न वाचणं हे सगळं जास्त नेटकं आहे, मान्य. पण मंजुळेंसमोर बसलेली माणसं स्वतःच्या बोलीत बोलायची, शुद्ध मराठी बोलायचा ताण कुणावर दिसायचा नाही, आणि उत्तर चुकलं तर आपल्याच माणसाचं चुकल्यासारखं वाटायचं. ज्यांना निव्वळ खेळ हवाय त्यांना खेडेकर आवडतील आणि त्यांचंही बरोबरच आहे.

४. पडाव म्हंजे नक्की काय?

चुकलात तर जिथपर्यंत खाली येता ती जागा. या पानावर मी मुख्यतः २०१९ ची शिडी धरलीये: हजारापासून सुरू, पाचव्या प्रश्नाला १० हजार (पहिला पडाव), दहाव्याला ३ लाख २० हजार (दुसरा पडाव), मग ६.४० लाख, १२.५० लाख, २५ लाख, ५० लाख, एक कोटी आणि सोळाव्या प्रश्नाला ७ कोटी. मधे कधीही खेळ सोडला तर तोवर जिंकलेली रक्कम मिळते. चुकलं तर मागच्या पडावावर. २०२२ मध्ये ५० लाख आणि कोटीच्या मधे ७५ लाखांचा नवीन पडाव आला आणि सगळं गणितच बदललं, ते प्रश्न ८ मध्ये.

५. महाराष्ट्रातून कोटी कुणी जिंकले?

पहिला कोटी मुळात महाराष्ट्रातच आला. मुंबईचे हर्षवर्धन नवाथे, २००० साली, तेव्हा यूपीएससीची तयारी करत होते. शेवटचा प्रश्न होता की संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा राज्यघटना यांपैकी कुणाला देते, उत्तर ॲटर्नी जनरल. २०१३ च्या जानेवारीत मुंबईच्याच सनमीत कौर यांनी ५ कोटी जिंकले. २०२२ मध्ये कोल्हापूरच्या कविता चावला, गृहिणी, कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून तिथे पोचायचा प्रयत्न करत होत्या.

आणि २०१९ मध्ये बबिता ताडे. अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजार मानधनावर. कोटीचा प्रश्न १८५७ च्या उठावावरचा होता, ‘दास्तान-ए-गदर’ कुणी लिहिलं, आणि उत्तर होतं जहीर देहलवी. हे नाव इतिहासाच्या पदवीधरालाही पटकन सांगता येणार नाही. तो एपिसोड आमच्याकडे सगळे उभं राहून बघत होते. त्यानंतर कुणी मला “खिचडीवालीला सोपे प्रश्न दिले” असं लिहिलं की मी फक्त हा प्रश्न कॉपी करून पाठवते.

६. एक कोटी खरंच एक कोटी मिळतात का?

नाही. बक्षिसाच्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आहे आणि तो चेक हातात यायच्या आधीच कापला जातो. “माझं दुसरं काहीच उत्पन्न नाही, मग स्लॅबचा फायदा?” असं खूप जण विचारतात, तर बक्षिसाला तो मिळत नाही. ३.२० लाखांवर ९६ हजार आधीच जातात.

एक कोटीचं गणित: ३० लाख कर, त्यावर १० टक्के अधिभार म्हंजे ३ लाख, आणि या ३३ लाखांवर ४ टक्के सेस, १ लाख ३२ हजार. एकूण ३४ लाख ३२ हजार. हातात राहतात ६५ लाख ६८ हजार. दुसरं उत्पन्न असेल तर अधिभाराचा दर आणखी वर जाऊ शकतो, तेव्हा सीएला विचारा.

एक अपवाद लोकांच्या लक्षात येत नाही. बक्षीस गाडी असेल तर गाडीतून कर कापता येत नाही, त्यामुळे कराची रक्कम आधी भरावी लागते आणि मगच किल्ली मिळते.

७. कधी खेळायचं आणि कधी सोडायचं? काही नियम आहे का?

आहे, आणि घरातली निम्मी भांडणं याच्यावरच असतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हंजे पडावानंतरचा पहिला प्रश्न कधीच सोडायचा नाही. तुम्ही ३.२० लाखांवर आहात, अकरावा प्रश्न ६.४० लाखांचा, चुकलात तरी ३.२० लाखच मिळणार आहेत. मग काहीच येत नसलं तरी ठोकून द्यायचं. तरी तिथे हात जोडून “सर, मी क्विट करतो” म्हणणारे मी पाहिलेत आणि तेव्हा खरंच जीव तुटतो, कारण फुकटची संधी गेली.

त्यानंतर मात्र हिशेब बदलतो. ६.४० लाखांवर आहात, पुढचा १२.५० चा. चुकलात तर ३.२० जातात, बरोबर आलं तर ६.१० वाढतात. म्हंजे उत्तराची साधारण ३४ टक्के खात्री असली की खेळणं परवडतं, दोन ऑप्शनमधे अडकला असाल तर खेळाच. १२.५० वरून २५ ला जाताना ४३ टक्के लागतात. २५ वरून ५० ला ४७. पन्नास लाखांवरून कोटीला ४८ टक्के, म्हंजे जवळजवळ नाणेफेक, आणि चुकलात तर ४६ लाख ८० हजार एका क्षणात गेले.

आपण सोफ्यावरून “घाबरट आहे, खेळायला पाहिजे होतं” म्हणतो तेव्हा हा आकडा समोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं. पन्नास लाखांवर सोडणारा माणूस घाबरलेला नसतो, त्याने घराचं कर्ज आणि पोरीचं शिक्षण डोळ्यासमोर आणलेलं असतं. आणि नुसत्या अंदाजावर खेळून चुकणाऱ्याला मूर्ख म्हणणंही तितकंच चूक, त्याचा हिशेब वेगळा होता इतकंच.

८. मग कोटी जिंकल्यावर सात कोटींचा प्रश्न सगळेच का सोडतात?

हा अपवाद मजेशीर आहे, कारण कागदावर उलटं उत्तर येतं. २०१९ च्या शिडीत डोळे मिटून एक ऑप्शन सांगितला तरी चारात एक वेळा ७ कोटी आणि तीन वेळा ३.२० लाख, सरासरी पावणेदोन कोटींच्या वर. म्हंजे गणित म्हणतं खेळा. पण सरासरी शंभरदा खेळणाऱ्याला मिळते, इथे आयुष्यात एकदाच बसायचंय, आणि चारपैकी तीन वेळा जवळजवळ ९७ लाख जाणार. दीड हजार मानधनावर घर चालवणाऱ्या बाईंना पहिला कोटी जे देतो ते पुढचे सहा देत नाहीत. बबिताताईंनी सोडलं, मी असते तरी सोडलंच असतं. (त्यांचा सात कोटींचा प्रश्न: कुठल्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? बिहार. झाकीर हुसेन आणि रामनाथ कोविंद.)

आता २०२२ ची शिडी घ्या. शेवटचा प्रश्न साडेसात कोटींचा आणि चुकलात तर ७५ लाखांवर, म्हंजे जाणार फक्त २५ लाख. इथे ४ टक्के शक्यता असली तरी हिशेब जमतो! त्या सीझनला कविता चावलांनी सोडलं आणि कोटी घेऊन घरी गेल्या, दुसऱ्या एका स्पर्धकाने धाडस केलं, चुकलं आणि ७५ लाख घेऊन गेला. लोकांनी त्याला खूप बोल लावले. माझ्या मते त्याने त्या शिडीवरचा सगळ्यात शहाणा डाव खेळला होता, निकाल विरुद्ध गेला म्हणून डाव चुकीचा ठरत नाही.

९. फिफ्टी-फिफ्टीनंतर माझ्या मनातलाच ऑप्शन शिल्लक राहिला, तर तो बरोबर असायची शक्यता वाढते का? की उलट दुसरा निवडावा?

तीन दरवाजे, एका मागे गाडी, सूत्रधार एक दरवाजा उघडतो आणि आपण दुसऱ्यावर जायचं, हे कोडं ज्यांनी ऐकलंय ते हमखास विचारतात. तिथे सूत्रधाराला तुमची निवड माहिती असते आणि तो तुमचा दरवाजा मुद्दाम उघडत नाही. इथे कॉम्प्युटरला तुमच्या मनातलं माहिती नसतं, तो तीन चुकीच्यांपैकी कुठलेही दोन उडवतो. त्यामुळे तुमचा तुक्का त्यातून वाचला तर तो बरोबर असायची शक्यता २५ वरून सरळ ५० टक्के होते, आणि दुसऱ्याचीही तेवढीच. बदलून फायदा नाही, न बदलूनही नाही. थोडीफार माहिती असेल तर तिच्यावर जा.

१०. ऑडियन्स पोल कधी वापरावा?

लवकर. सिनेमा, क्रिकेट, स्वयंपाक, सण यांवर शंभर माणसांना एकत्र जेवढं कळतं तेवढं एकट्या तज्ज्ञाला कळत नाही. बाराव्या-तेराव्या प्रश्नाला मात्र समोरचे लोकही तुमच्यासारखेच अंदाज लावत असतात आणि खांब जवळजवळ सारख्या उंचीचे येतात. २०२० मध्ये कोविडमुळे प्रेक्षकच नव्हते तेव्हा ही लाइफलाइन काढून मित्राला व्हिडिओ कॉल दिला होता, आणि मला तरी तो सीझन अर्धा वाटला.

११. आम्हाला घरी बसून सगळं येतं. तिथे लोक इतक्या सोप्या प्रश्नाला कसे अडकतात?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आणि याला उत्तर म्हणून मी माझंच सांगते.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एकदा क्विझ ठेवलं होतं. छोटा मांडव, समोर पन्नास-साठ ओळखीचीच माणसं, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा. मला पहिलाच प्रश्न आला, महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं. आमच्या गेटच्या बाहेर ताम्हणाचं झाड आहे, उन्हाळ्यात जांभळंगार होतं, मी रोज त्याच्याखाली स्कूटर लावते, सीटवर पडलेल्या पाकळ्या हाताने झाडते आणि मग ऑफिसला जाते. ते झाड, त्या पाकळ्या, सगळं डोळ्यासमोर आलं. शब्द आला नाही. माइकमधून माझाच श्वास ऐकू येत होता आणि समोर बसलेली शेजारची मुलगी ओठ हलवून “ता... ता...” करत होती.

हॉटसीटवर त्याच्या शंभरपट. अंधार, चेहऱ्यावर दिवे, प्रश्न वाढत जातात तशी पार्श्वसंगीताची पट्टी वर चढत जाते (मूळ ब्रिटिश कार्यक्रमात संगीत तसंच बांधलं होतं), सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ, समोर अमिताभ बच्चन. शिवाय घरी आपण उत्तर देतो तेव्हा चुकलं की विसरतो आणि बरोबर आलं की मोठ्याने सांगतो. खरं किती येतं ते बघायचं असेल तर प्रश्न १८ मधली वही ठेवा.

१२. रडकी स्टोरी असल्याशिवाय निवडत नाहीत, खरं का?

रजिस्ट्रेशनचे प्रश्न, मग फोन, मग ऑडिशनमधे जीकेची टेस्ट आणि मुलाखत, असा रस्ता आहे. मुलाखत आहे म्हंजे माणूस कसा बोलतो ते बघणारच, टीव्हीचा कार्यक्रम आहे. गरिबीची फिल्म लावून व्हायोलिन वाजवणं मलाही नको होतं अनेकदा, खेळाची लय तुटते. पण त्यापुढे फास्टेस्ट फिंगर आहे (सगळ्यात आधी बरोबर उत्तर देईल त्यालाच खुर्ची) आणि तिथे स्टोरी चालत नाही, बोटच चालावं लागतं. कविता चावलाही आदल्या वर्षी तिथपर्यंत जाऊन हात हलवत परत आल्या होत्या.

१३. प्रश्न किंवा उत्तरच चुकीचं असेल तर?

२०२१ मध्ये एक छान वाद झाला होता. संसदेची बैठक साधारणपणे कशाने सुरू होते? कार्यक्रमाचं उत्तर प्रश्नोत्तराचा तास. एका प्रेक्षकाने लिहिलं की चूक आहे. त्यावर सिद्धार्थ बसूंनी स्वतः उत्तर दिलं की दोन्ही सभागृहांची सदस्यांसाठीची हँडबुकं बघा, अध्यक्षांनी वेगळं सांगितलं नसेल तर तेच बरोबर. गंमत म्हंजे राज्यसभेत २०१४ पासून प्रश्नोत्तराचा तास बारा वाजता असतो, अकराला शून्य प्रहर. म्हंजे दोघांकडेही काहीतरी होतं. असा वाद मला फार आवडतो, पुस्तक उघडून केलेला.

१४. आणि ते “शिवाजी” प्रकरण?

नोव्हेंबर २०१९. प्रश्न होता की औरंगजेबाचा समकालीन कोण. प्रश्नात औरंगजेबाला “मुघल सम्राट” आणि ऑप्शनमधे नुसतं “शिवाजी”. महाराष्ट्रात संताप झाला, वाहिनीने आणि अमिताभ बच्चन यांनी माफी मागितली. “एवढं काय त्यात” असं मला अमराठी मित्र विचारतात. त्यांना मी सांगते की दोन्हीकडे नुसती नावं असती तर कुणी काही बोललं नसतं, एकाला पदवी आणि दुसऱ्याला नाही, हे खुपलं. राग योग्य होता. त्या दिवशी हॉटसीटवर बसलेल्या स्पर्धकाला शिव्या घालणं मात्र बिलकुल योग्य नव्हतं, त्याने काय प्रश्न लिहिला होता?

१५. चीटिंग होते का?

सगळ्यात गाजलेलं प्रकरण ब्रिटनचं. सप्टेंबर २००१ मध्ये चार्ल्स इन्ग्रॅम नावाच्या मेजरने दहा लाख पौंड जिंकले, शेवटचा प्रश्न होता एकावर शंभर शून्यं म्हंजे काय, उत्तर गूगोल. नंतर टेप बघताना लक्षात आलं की ते ऑप्शन मोठ्याने म्हणत होते आणि बरोबर ऑप्शनला प्रेक्षकांतून खोकला यायचा. पैसे थांबवले, २००३ मध्ये कोर्टाने त्यांना, त्यांच्या पत्नीला आणि खोकणाऱ्याला दोषी ठरवलं. ते स्वतः मात्र निर्दोष असल्याचंच म्हणत राहिले.

याच्या अगदी उलट टोक अमेरिकेचं, जॉन कार्पेंटर, १९९९. एकही लाइफलाइन न वापरता शेवटच्या प्रश्नापर्यंत गेले, मग वडिलांना फोन लावला आणि म्हणाले, मदत नकोय, मी जिंकणार आहे एवढंच सांगायला केला. ती क्लिप मी अजूनही बघते.

१६. लहान मुलं उद्धट वागली तर बोलायचं नाही का?

२०२५ च्या सीझनला पाचवीतल्या एका मुलाने घाई केली, नियम समजावू नका म्हणाला, चुकला आणि शून्यावर गेला. त्यानंतर काही दिवस अख्खा देश त्या पोरावर आणि त्याच्या आईवडिलांवर तुटून पडला होता. मला त्या आठवड्यात आलेले मेसेज मी उघडून परत मिटवले. दहा वर्षांचं मूल कॅमेऱ्यासमोर अतिउत्साहात वाहवत जातं, आपल्या घरी पाहुण्यांसमोर जातं तसंच. खेळ चुकला हे म्हणा, घाई नडली म्हणा. त्याच्या संस्कारांवर अनोळखी मोठ्या माणसांनी पानंच्या पानं लिहिणं क्रूरपणा आहे, आणि यावर मी वाद घालत नाही.

१७. जिंकल्यावर लोकांचं भलं होतं का? आणि मला व्हॉट्सॲपवर २५ लाख लागल्याचा मेसेज आलाय!

दुसऱ्याचं आधी: खोटं आहे. केबीसीची लॉटरी नसते, बक्षीस फक्त खेळून मिळतं, आणि “प्रोसेसिंग फी” मागणारा प्रत्येक जण चोर आहे. नंबर ब्लॉक करा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा.

पहिल्याचं: सुशील कुमार, मोतीहारी, बिहार, २०११ मध्ये ५ कोटी. शेवटचा प्रश्न निकोबार बेटांवरचे हक्क १८६८ मध्ये ब्रिटिशांना विकणाऱ्या वसाहतवादी देशाचा, उत्तर डेन्मार्क. २०२० मध्ये त्यांनीच लिहिलं की जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातला सगळ्यात वाईट होता, फसवणूक, व्यसनं, घरात ताण. नंतर सावरले, चंपारणमधे चाफ्याची झाडं लावत फिरले, शिक्षक झाले. मला त्यांच्या पाच कोटींपेक्षा ते लिहिणं जास्त धाडसाचं वाटतं.

१८. घरी बघताना भांडण न होता खेळायचे काही नियम?

आमच्या आजीने केलेले देते. तिची एक दोनशे पानी वही आहे, टीव्हीच्या खालच्या कप्प्यात असते, मधे पेन्सिल अडकवलेली. डावीकडे तारीख, मग प्रश्नाचा नंबर, मग फक्त ए, बी, सी किंवा डी. स्पर्धक “लॉक” म्हणायच्या आत लिहायचं, नंतर खाडाखोड चालत नाही. ऑप्शन पूर्ण वाचून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. “मला माहिती होतं” याला मार्क नाहीत. मोबाइल पालथा टेबलावर. आणि स्पर्धकाने खेळ सोडला तर आपणही कागदावर लिहायचं, सोडलं असतं की खेळलो असतो.

आजीच्या वहीत गेल्या सीझनला दहाव्या प्रश्नापुढे ती सतरा वेळा पोचली. त्यातल्या चौदा ठिकाणी तिने “सोडते” लिहिलंय.